आराखडा काढण्याआधी एक सकाळ फाटकावर उभे राहा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, मा. महापालिका आयुक्त, मा. पोलीस आयुक्त, मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
तसेच नाशिकमधल्या रुग्णालयांचे नकाशे काढणारे सर्व वास्तुविशारद आणि अभियंते यांस,

स.न.वि.वि.

मी एसटीत 31 वर्षे काढली. शेवटची काही वर्षे नाशिकला वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे स्टँडवरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून माइकवर गाड्या पुकारणारा, लॉगशीटवर वेळा टाकणारा आणि 'ही गाडी कुठं लागते' या प्रश्नाला दिवसभर उत्तर देणारा माणूस. त्या केबिनमधून जे दिसायचे, त्याच्या जोरावर हे पत्र लिहितो आहे.

सुरगाणा, पेठ, हरसूल, बाऱ्हे, कळवण या बाजूच्या मुक्कामी गाड्या गावातून अंधारातच निघतात आणि नाशिकला पोचेपर्यंत ऊन वर आलेले असते. उतरणाऱ्यांत बाजाराला कोण आलाय, कोर्टाला कोण आणि दवाखान्याला कोण, हे फलाटावर पाय टेकतानाच कळते. कोर्टवाल्याची फाइल काखेत असते. दवाखान्याला आलेला एक्स-रेचे मोठे पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरतो. पावसाळ्यात त्या पाकिटाला खताच्या गोणीतले प्लास्टिक गुंडाळलेले असते. आणि तो एकटा कधीच नसतो. एक आजारी, एक त्याला धरायला, एक पैसे आणि कागद सांभाळायला. बाळंतीण असेल तर चौघी-पाचजणी. खाली उतरले की माझ्या खिडकीशी येऊन पहिला प्रश्न ठरलेला: "साहेब, सिव्हिल कुठल्या अंगाला?"

सिव्हिल खरे तर हाकेच्या अंतरावर. ठक्कर बाजार, मेळा स्थानक, जुने सीबीएस ही तिन्ही स्थानके जिल्हा रुग्णालयापासून चालत जाता येईल इतकी जवळ आहेत. एवढी सोय राज्यातल्या फार थोड्या जिल्हा रुग्णालयांना असेल. तरी मी कितीतरी माणसांना रिक्षा करून दिली आहे, कारण ती चालत पोचतील असे मला वाटले नाही. पदपथ मध्येच संपतो, पुढे हातगाडी, मग दुचाक्यांची रांग, की माणूस आजाऱ्याला घेऊन थेट वाहत्या रस्त्यात उतरतो. डायलिसिसच्या रुग्णाला एसटीत प्रवास मोफत आहे, 75 वर्षांवरच्या माणसालाही मोफत आहे, आणि 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. गावापासून नाशिकपर्यंत सरकार त्यांना सांभाळून आणते. शेवटच्या काहीशे पावलांवर मात्र त्यांच्याबरोबर कुणी नसते.

हे आत्ताच लिहितो, कारण आज ना उद्या आपल्यापैकी कुणाच्या तरी टेबलावर मोठ्या रुग्णालयाच्या पुनर्विकासाचा आराखडा येणार आहे. सिव्हिलचा येईल, बिटकोचा येईल, पंचवटीतल्या इंदिरा गांधी रुग्णालयाचा येईल. जुन्या इमारती थकल्या आहेत आणि शहर त्यांच्या भोवती कितीतरी पटीने वाढले आहे, त्यामुळे हे काम टळणारे नाही आणि टळूही नये. आराखड्यात खाटा किती, शस्त्रक्रियागृहे किती, एमआरआय कुठे, हे सगळे नीट येईल. माझी भीती एवढीच आहे की माणसे तिथवर पोचणार कशी हा विषय शेवटच्या पानावर 'पार्किंग' या एका शब्दात आटोपला जाईल.

ती भीती कुठून आली, तेही सांगतो. माझ्या पत्नीला 2022 च्या उन्हाळ्यापासून डायलिसिस सुरू आहे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. शहरातल्या एका रुग्णालयात जातो. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या सिस्टरांनी आणि टेक्निशियननी तिला घरच्यासारखे सांभाळले आहे, आणि जे घडले ते त्या एकाच रुग्णालयात घडत असेल असे नाही. सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. मुलाची मोटार घेऊन गेलो होतो. डायलिसिसनंतर रक्तदाब उतरतो, चक्कर येते, स्कूटरवर मागे बसवणे धोक्याचे. फाटकावर 'पार्किंग फुल्ल' अशी पाटी दोरीला अडकवलेली. तिला पोर्चमध्ये सोडले, पाठीमागून वॉचमनची शिट्टी, मागच्या गाडीचा हॉर्न. दोन गल्ल्या पलीकडे एका बंद दुकानासमोर गाडी लावून परत आलो. चार तासांनी तेच उलटे. ती खाली येऊन थांबणार आणि मी गाडी आणणार, असे ठरले. गाडी काढायला गेलो तर तिच्यापुढे कुणीतरी दुचाकी आडवी लावून गेलेला. त्याची वाट पाहण्यात वीस-पंचवीस मिनिटे गेली.

फाटकाशी पोचलो तेव्हा ती जनरेटरच्या शेजारच्या सिमेंटच्या कठड्यावर बसली होती. बसायला दुसरे काही नव्हतेच. फिस्टुलाचा हात, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचतात तो, तिने पदराने घट्ट दाबून धरला होता आणि पदर कोपरापर्यंत लाल झाला होता. सुया काढल्यावर लावलेली पट्टी सुटली होती. ओरडायची तिला ताकद नव्हती आणि वॉचमन तिच्याकडे पाठ करून गाड्या हाकलत होता. त्या वॉचमनवर माझा राग नाही. फाटक मोकळे ठेव एवढेच त्याला सांगितलेले. उतरणाऱ्याला हात दे, चाकाची खुर्ची पुढे कर, एकट्या बसलेल्या बाईला काय झाले ते विचार, असे त्याच्या ड्युटीत कुणी लिहिलेच नव्हते. ती वाचली, कारण सलाइनची बाटली आणायला बाहेर आलेल्या एका अनोळखी मुलाचे लक्ष गेले आणि त्याने तिला उचलून आत नेले.

त्या दिवसापासून कुठल्याही रुग्णालयात गेलो की मी आधी पोर्च बघतो.

आता कामाचे बोलतो. बांधकामाच्या नियमांत रुग्णालयाचे पार्किंग खाटांच्या संख्येवर काढतात. इतक्या खाटांमागे इतक्या मोटारी, इतक्या दुचाक्या. पण सरकारी रुग्णालयात येणाऱ्यांतला फार मोठा भाग ओपीडीचा असतो आणि ओपीडीचा माणूस खाटेवर झोपतच नाही. केस पेपरच्या खिडकीपुढची रांग कुठल्या खाटेत मोजणार? दिव्यांग प्रमाणपत्रांच्या तपासणीचा दिवस असला की जिल्ह्याच्या पंधराही तालुक्यांतून कुबड्या, तीनचाकी आणि पाठीवर घेतलेली मुले येतात. ती कशात धरणार? रविवारी ओपीडी बंद, म्हणून सोमवारी दुप्पट गर्दी. पोलीस आरोपींना तपासणीला घेऊन येतात. शवविच्छेदनासाठी येणारे कुटुंब अर्धा दिवस झाडाखाली बसून असते. यांतला कुणीही खाटांच्या हिशेबात सापडणार नाही.

आम्ही एसटीत नवी फेरी सुरू करायची तर आधी प्रवासी मोजायचो. कुठे चढतो, कुठे उतरतो, कोणत्या वेळेला, आणि परत कधी जातो. चौथे विसरले की गाडी जाताना भरून जाते आणि येताना रिकामी येते. तुम्हीही तसेच करा अशी माझी विनंती आहे. पुनर्विकासाच्या जागी एक पूर्ण आठवडा, सोमवार ते रविवार, पहाटे सहा ते रात्री नऊ, प्रत्येक फाटकावर माणसे बसवा आणि येणाऱ्याला चारच गोष्टी विचारा: कुठून आलात, कशाने आलात, बरोबर किती जण आहेत, किती वेळ थांबणार. याला मोठी सल्लागार कंपनी लागत नाही. महाविद्यालयातली राष्ट्रीय सेवा योजनेची मुलेमुली हे आनंदाने करतील. तो तक्ता हातात आल्याशिवाय वाहनतळाचे मजले ठरवू नका.

मला खात्री आहे की तक्ता दोन गोष्टी दाखवील. एक, मोटारीने येणारे थोडे. दुचाकीवर, रिक्षात आणि एसटीतून येणारे खूप. दोन, आलेल्यांपैकी पुष्कळांना गाडी लावायचीच नसते, फक्त माणूस उतरवायचा असतो.

या उतरवण्यावर थोडे जास्त लिहितो, कारण सगळा घोळ तिथेच होतो. दुचाकीवर तिघे येतात. चालवणारा भाऊ, मध्ये तापाने फणफणलेली आई, मागे तिला धरून बसलेली सून. फाटकाशी आल्यावर भावाने काय करायचे? गाडी लावायला गेला तर आईला एकट्या सुनेने उचलायचे. आईला उचलायला थांबला तर शिट्टी. म्हणून पोर्चच्या आधी, छपराखाली, आठ-दहा वाहने एकामागून एक उभी राहतील अशी उतरण्याची लांब पट्टी हवी. पदपथाच्या उंचीला ती सपाट हवी, म्हणजे चाकाची खुर्ची आपटत उतरवावी लागणार नाही. उतार असेलच तर 12 फुटांना 1 फूट, त्याहून जास्त नको. त्या पट्टीवर बाकडी हवीत, साखळीने न बांधलेल्या चाकाच्या खुर्च्या हव्यात, आणि सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत अशी दोन माणसे हवीत की ज्यांचे काम शिट्टी मारणे नसून हात देणे आहे. आणि परतीची पट्टी वेगळी ठेवा. उतरणारे आणि घेऊन जाणारे एकाच जागी भिडले की स्टँडवर काय होते ते मी रोज बघितले आहे. म्हणून तर आम्ही येणाऱ्या गाडीचे आणि सुटणाऱ्या गाडीचे फलाट वेगळे ठेवायचो.

रिक्षावाल्यांना फाटकापासून हाकलू नका. आजारी माणसाला पाठुंगळी घेऊन जिना चढलेले रिक्षावाले मी पाहिले आहेत. त्यांना आतल्या बाजूला, रांगेने, सावलीत जागा द्या, मुख्य ठिकाणांचे दर फलकावर लिहा, की ते फाटकासमोर तिरपे उभे राहणार नाहीत. सिटीलिंकची शहर बस 8 जुलै 2021 पासून धावते आहे. तिचा थांबा रुग्णालयाच्या आवारात घेता आला तर उत्तम, नाहीतर फाटकाला लागून असावा. निमाणीहून, नाशिकरोडहून, सातपूरहून येणाऱ्या बसने दवाखान्याच्या दारात सोडले तर निम्म्या रिक्षा आपोआप वाचतील. बसचे वेळापत्रक ओपीडीच्या खिडकीशी आणि सिस्टरांच्या पाळ्यांशी जुळवा. रात्रपाळीला येणारी सिस्टर अंधाऱ्या रस्त्याने थांब्यावरून चालत येते, तिला उजेड आणि वर्दळ असलेली वाट लागते.

मोटारींबद्दल. उघड्या वाहनतळात एका मोटारीला ये-जा धरून साधारण 23 चौरस मीटर जागा धरतात, तळघरात 32. एवढ्या जागेत किती बाकडी बसतील, याचा विचार एकदा तरी करावा. एसटीच्या एका साध्या गाडीत 44 जण बसून येतात आणि फलाटावर एक जागा अडवून दहा मिनिटांत निघून जातात. एक मोटार एकाला घेऊन येते आणि दिवसभर उभी राहते. म्हणून बहुमजली वाहनतळ बांधायचाच असेल तर जरूर बांधा, पण त्यासाठी आवारातली जुनी झाडे तोडू नका. नातेवाईक त्याच झाडांखाली डबा सोडतात, त्याच सावलीत बसून बातमीची वाट बघतात. तळघर करणार असाल तर पावसाळ्यात पंप चालवायला माणूस नेमलेला असेल याची खात्री आधी करा.

आणि एक गोष्ट बोलायला अवघड आहे, तरी बोलतो. दाराजवळच्या सावलीतल्या जागा बहुतेक ठिकाणी सकाळीच कर्मचाऱ्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या गाड्यांनी भरतात. तातडीने धावत यावे लागणाऱ्या डॉक्टरांची गाडी जवळ हवी, यात शंका नाही. बाकीच्यांनी मात्र लांब लावावी. जवळची जागा कुबडीवाल्याची आहे, दिव्यांगाच्या 3.6 मीटर रुंद खान्याची आहे, डायलिसिस आणि किमोथेरपीला ठरलेल्या दिवशी येणाऱ्यांची आहे. अशा रुग्णांना महिन्याचा मोफत पास द्या. पहिला अर्धा तास कुणाकडूनच पैसे घेऊ नका, म्हणजे पाच मिनिटांसाठी आलेला माणूस पावतीच्या भीतीने गाडी रस्त्यावर सोडणार नाही.

अॅम्ब्युलन्सचा रस्ता शेवटी लिहितो आहे, कारण त्यावर कुणाचे दुमत नाही. दुमत नसूनही तो होत नाही, हे दुःख. 2019 च्या दुरुस्तीनंतर अॅम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-ई खाली 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. पण चौकात समोर रिक्षा, मागे बस आणि बाजूला दुभाजक असेल तर माणूस वाट देणार कुठून? अॅम्ब्युलन्ससाठी वेगळे फाटक ठेवा, ओपीडीच्या फाटकापासून जमेल तेवढे लांब आणि शक्यतो वेगळ्या रस्त्यावर. 108 ची गाडी आत आल्यावर मागे न घेता वळून बाहेर पडली पाहिजे. अग्निशमन बंबाला वळायला 9 मीटरची त्रिज्या लागते. ती नकाशात दाखवतात आणि वर्षभरात तिथे दुचाक्या उभ्या राहतात. ऑक्सिजनचा टँकर टाकीपर्यंत कुणाला न अडवता पोचला पाहिजे. 21 एप्रिल 2021 ला इथल्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळून रुग्ण दगावले, त्यानंतर नाशिकमध्ये ऑक्सिजनची टाकी म्हणजे काय हे कुणाला समजावायला नको.

शवागाराचे दारही मुख्य पोर्चपासून वेगळे असावे. शववाहिका गर्दीत अडकते, लोक वाकून आत बघतात, बरोबरची बाई तोंड लपवते. निदान तेवढी आब त्या घराला मिळावी.

आता बांधकामाच्या काळाचे. पुनर्विकास चालू असताना रुग्णालय बंद होणार नाही. पत्रे लागतील, अर्धे आवार जाईल, त्यात डंपर येतील, आणि वाहनतळ सगळ्यात आधी जाईल, कारण मोकळी जागा तीच. म्हणून पहिला खड्डा खणण्याआधी तात्पुरता वाहनतळ आणि तात्पुरती उतरण्याची पट्टी तयार पाहिजे. डंपरच्या वेळा रात्री ठेवा, आणि रुग्णालयापासून 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असते हे कंत्राटदाराच्या करारात लिहा.

सिव्हिलबाबत आणखी एक. ते त्र्यंबक रस्त्यावर आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याचे 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण, 2 ऑगस्ट 2027 ला पहिले अमृतस्नान, 31 ऑगस्टला दुसरे. शहरातून त्र्यंबकला जाणारी गर्दी याच रस्त्याची. त्या महिन्यांत आवार खणलेले असेल तर काय होईल, याचा विचार करा. बांधकामाचा कोणताही टप्पा पर्वणीवर येऊ देऊ नका, आणि सिंहस्थासाठी या रस्त्याचा जो वाहतूक आराखडा होईल, त्यात रुग्णालयाचे फाटक पहिल्या पानावर घ्या.

गर्दी हलवायची कशी हे नाशिकला शिकवावे लागत नाही. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला आम्ही जादा गाड्या सोडायचो, खासगी वाहने खंबाळ्याला थांबवून तिथून माणसे एसटीने त्र्यंबकला न्यायचो. लाखो माणसे रातोरात जाऊन परत यायची. लांब वाहनतळ, तिथून सतत फिरणारी छोटी बस, उतरायची ठरलेली जागा, आणि प्रत्येक वळणावर दिशा सांगणारा माणूस. हीच पद्धत रुग्णालयाला लावा. कर्मचाऱ्यांच्या आणि दिवसभर थांबणाऱ्या नातेवाइकांच्या गाड्या किलोमीटरभर लांब लागल्या आणि दर दहा मिनिटांनी एक छोटी बस फिरली, तर आवार रुग्णांसाठी मोकळे राहील. देवाच्या दारी आपण हे दर वर्षी करतो.

आणि स्टँडपासून रुग्णालयापर्यंतची ती वाट. तिन्ही स्थानकांपासून फाटकापर्यंत एकसलग पदपथ, मध्ये दोन ठिकाणी सावली आणि बाकडे, जमिनीवर पिवळा पट्टा, आणि वाचता न येणाऱ्यालाही कळेल असे लाल अधिक चिन्ह. पुनर्विकासाच्या खर्चात ही रक्कम शोधूनही सापडणार नाही इतकी लहान असेल. केबिनच्या खिडकीतून मला विचारणारे सगळे जण त्या पट्ट्यावरून चालत गेले असते.

माणसे मोजायला बसवणार असाल तर मला कळवा. एसटीतले माझे काही निवृत्त सोबती यायला तयार आहेत. आम्हाला मोजणीचा कंटाळा नाही आणि पहाटे उठण्याची सवय अजून मोडलेली नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार पत्नीचे डायलिसिस असते. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी मी सकाळी सहापासून फाटकावर उभा राहू शकतो.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, नाशिक